माक्याला आवतान

घरात तेल कढत नाही. कढवणारं कोणी उरलं नाही. तरी दुपारच्या वक्ताला मला तो वास येतो. आधी तिळाच्या तेलाचा, मग त्यात ओला रस पडल्यावर उठतो तसा कडवट, मातकट. त्याच्या मागोमाग चुरचुर ऐकू येते. मी उठून चुलीपाशी जातो. चूल म्हणजे आता गॅस, तोही बंद असतो. सून विचारते, "मामा, काय पायजे?" मी म्हणतो, पाणी. पाणी पितो आणि परत येऊन बसतो. माझी बायको पारू जाऊन आठ महिने झाले, तेव्हापासून हे सुरू झालं. पहिल्यांदा वाटलं तिच्या उशीचा वास असेल. तिच्या डोक्याला जन्मभर माक्याचं तेल होतं, आणि अभ्र्यावर त्याचा काळा-हिरवा डाग आहे. सुनेनं अभ्रा धुवायला मागितला, मी दिला नाही. पण हा वास उशीचा नव्हे. उशीला पारूचा वास आहे. हा त्याच्या लय आधीचा, आईच्या कढईचा आहे, आणि तो माझ्याकडंच का येतो ते मला ठाऊक आहे.

मी चार यत्ता शिकलेला माणूस. नातीनं वही आणून दिली, म्हणाली, "आजोबा, आजीचं लिहा." आजीचं लिहायला बसलो आणि हात भलतीकडंच वळला. वळला तर वळला. पारूला हे सगळं माहीत होतं. घरात ते माहीत असलेली तेवढी एकटीच होती.

आमची वाडी कोरड्या अंगाची. पावसाळ्यात चार काड्या गवत उगवायचं आणि दिवाळीपर्यंत तेही मेंढरांनी खुडलेलं असायचं. घर म्हणजे दगडमातीच्या दोन खोल्या, पुढं सुताची जाळी बांधून केलेला मेंढरांचा वाडा. दिवसरात्र त्यांचं बेंबाटणं कानात असायचं. बाप, ज्याला आम्ही आबा म्हणायचो, कळप घेऊन मावळतीकडं गेला की घर एकदम बहिरं झाल्यासारखं वाटायचं. मग आईच्या जात्याची घरघर सुद्धा मोठी वाटायची. खायला बाजरीची भाकरी, मिरचीचा खर्डा आणि हुलग्याचं माडगं. मेंढीच्या दुधाचं दही इतकं घट्ट की मडकं उलटं केलं तरी पडायचं नाही. आई माडग्यात लसूण ठेचून वरून घालायची, शिजताना नाही. पारूनं पुढं आयुष्यभर माडगं केलं, पण तिला तसं कधी जमलं नाही, आणि मी ते तिला दर वेळी तोंडावर सांगायचो. आता वाटतं, कशाला सांगत होतो. ताटात आलेलं गपगुमान खायला काय झालं होतं.

आईचं नाव कोंडाबाई. पण पंचक्रोशीत तिला माक्याची कोंडा म्हणायचे. माका तुम्ही पाहिला असेल, ओळखला नसेल. पाणथळ जागी, पाटाच्या कडेला उगवतो. वीतभर-हातभर उंच, खरखरीत पान, आणि शर्टाच्या गुंडीएवढं पांढरं फूल. पान चुरगाळलं की रस हिरवा दिसतो आणि बघता बघता बोटं काळी पडतात. आईची बोटं भादव्यापासून दिवाळीपर्यंत काळीच असायची. केस गळणारी, अकाली पिकलेली, डोकं दुखतं म्हणून कपाळाला फडकं आवळणारी, झोप लागत नाही म्हणून रडकुंडीला आलेली, सगळ्या जणी तिच्याकडं यायच्या. झोपेला ती टाळूवर आणि तळपायाला तेल चोळायला सांगायची. चिखलात काम करून बायांची पायाची बोटं कुजली की नुसता रस लावायला द्यायची. गोंदणारीण यायची तीही रस घेऊन जायची. पण आईला बढाई मारलेली चालायची नाही. कोणी कावीळ घेऊन आलं की म्हणायची, "माज्याकडं काय बसलाय? दवाखान्याची वाट धरा." एकदा वाडीतला टकल्या नाना तिला म्हणाला, "वैनी, माज्या डोस्क्याचं बी बघा की." आई म्हणाली, "नाना, तुझ्या डोस्क्यावर पावसाचा थेंब ठरत न्हाई, तिथं माका कुटनं ठरंल?" नाना स्वतःच सगळ्यात जास्त हसला.

पण माका आणायचा म्हटलं की आई हसायची नाही. तिची एक रीत होती, ती तिच्या आईकडून आलेली. उद्या माका काढायचा तर आज दिवस मावळायच्या आत त्याला आवतान द्यायचं. चालत दीड कोस कडेगावच्या अंगाला, उसाच्या पाटापर्यंत. तिथं माक्यापुढं चिमूटभर हळद आणि तांदळाचे चार दाणे ठेवायचे आणि म्हणायचं, "उद्या न्यायला येती बाबा. माझ्या लेकीबाळींसाठी चल." लग्नाला सोयऱ्याला बोलवावं तसं. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटता निघायचं, आणि घरातून पाय काढल्यापासून माक्याची पाटी घरात टेकेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. विळा लावायचा नाही, हातानंच खुडायचं, आणि मूळ जमिनीत ठेवायचं. बोललं की माका रुसतो, असं ती म्हणायची. आलेला पाला उखळात कुटायचा, फडक्यातून पिळायचा, रसाच्या बरोबरीनं तिळाचं तेल घेऊन मंद जाळावर कढवायचं. रसातलं पाणी आटेपर्यंत तेल चुरचुरत राहायचं. झालं का ते बघायला ती कापसाची वात तेलात बुडवून पेटवायची. वात तडतडली तर पाणी आहे, शांत जळली तर तेल झालं. त्यासाठी तिची एक लोखंडी कढई होती. त्या कढईत दुसरं काही म्हणजे काही करायचं नाही. फोडणी नाही, पाणी तापवणं नाही. ती खुंटीला टांगलेली असायची आणि आम्ही पोरं तिला शिवत पण नव्हतो.

माझी थोरली बहीण सगुणा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मी तिला आक्का म्हणतो. तिचे केस म्हणजे आईच्या तेलाची चालतीबोलती पाटी होती. बसली की जमिनीला टेकायचे. न्हाऊन उन्हात केस सोडून बसली की येणारीजाणारी बाई थांबून बघायची. कडेगावकडचं स्थळ आलं ते त्या केसांवर. मुलगा पलटणीत होता. त्याच्या आईनं आक्काची वेणी हातात धरून वजन बघितल्यासारखं केलं आणि म्हणाली, "सून न्हाई, ही तर दोरखंड नेती मी घरला." तुळशीच्या लग्नानंतरचा दिवस धरला. आईनं ठरवलं, दसऱ्यापासून रोज आक्काच्या डोक्याला ताजं तेल घालायचं, म्हणजे लग्नात केस नुसते झळकतील.

त्या साली पाऊस जरा जास्तच झाला होता. चिखलानं आमच्या सात मेंढ्यांच्या खुरात सडलं. त्या लंगडायला लागल्या. आबाला कळप घेऊन निघायचं होतं. तो मला म्हणाला, "शिदू, ह्या साती तुझ्याकडं. मी येईपर्यंत एक बी मरता कामा न्हाई." मी सतरा वर्षांचा होतो. आबानं पहिल्यांदाच मला एकट्याला काही सोपवलं होतं, आणि माझी छाती फुगली होती. सडलेल्या खुराला धनगराचा उपाय बिब्ब्याचा. बिब्बा म्हणजे काळं, बदामाएवढं फळ. टोचून जाळावर धरलं की त्यातून डांबरासारखं तेल ठिबकतं. जखम सुकते, किडा पडत नाही. पण ते तेल जहाल. एखाद्याच्या अंगाला चालतं, एखाद्याला उततं. उतलं की फोड येतात, तोंड सुजतं, कातडं सोलून निघतं. म्हणूनच आईनं तो घरात आणायला मनाई केली होती. मी शेजारच्या वाडीतल्या एका धनगराकडून मूठभर बिब्बे आणले.

आई आणि आक्का बांगड्या भरायला बाजाराला गेल्या होत्या. सात मेंढ्यांचे अठ्ठावीस खूर, एकेक बिब्बा टोचून कधी व्हायचं? मला वाटलं, ठेचून थोड्या तेलात कढवले तर एकदम काम होईल. आमचं दुसरं लोखंडी भांडं आबा बरोबर घेऊन गेला होता. घरात कढई ती एकच. खुंटीवरून काढताना मनात आलं होतं, हे मी खोटं सांगणार नाही. पण मला मेंढ्या दिसत होत्या आणि आबाची शाबासकी दिसत होती. बिब्बे कढवले, खुरांना लावले, आणि मग कढई राखेनं घासली. तीनदा घासली. काथ्यानं घासली, गरम पाण्यानं धुतली, पुसून खुंटीला लावली. माझ्या हाताला काही झालं नाही. बिब्बा मला चालतो, आईलाही चालायचा. म्हणून मला वाटलं, गेला सगळा. लोखंड तेल पितं हे मला कुठं माहीत. उरलेले बिब्बे मी मागं उकिरड्यात पुरले.

दोन दिवसांनी आई माका आणायला निघाली. पाटी उचलायला मी बरोबर होतो. आई पाटाच्या कडेला वाकून माका खुडत होती तेवढ्यात उसाच्या मालकाचा गडी बांधावरून ओरडला, "कोन गं ती? ऊस मोडती काय?" आई गप्प. तो आणखी जवळ आला, "भैरी हाईस काय? चोरटी कुठली!" तेव्हा आईच्या तोंडातून सुटलं, "ऊस तुला लखलाभ, मी तण नेती!" बोलली आणि तिनं पटकन तोंडावर हात घेतला. काळ्या बोटांचे ठसे तिच्या गालावर उठले. परतीच्या वाटेवर ती तोंड मिटून होती, पण घरी पाटी टेकवल्या टेकवल्या आक्काला म्हणाली, "बोलले गं बाई मी. मधीच बोलले." आक्का म्हणाली, "त्यानं काय हुतंय?" आई पाला उखळात घालायला लागली.

तेल नेहमीसारखं झालं. वात शांत जळली. आईनं ते गार करून, फडक्यातून गाळून आक्काला पुढ्यात बसवलं आणि मुळापासून टोकापर्यंत जिरवलं. आक्का डोळे मिटून बसली होती, पेंगत होती. मी दारात उभा राहून बघत होतो. खरं सांगतो, त्या घडीला मला कढईची आठवणसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का डोकं खाजवत उठली. दुपारी कपाळाला बारीक पुरळ आलं. तिसऱ्या दिवशी डोळे उघडत नव्हते, कान सुजून पुरीसारखे झाले होते, आणि केसांत हात घातला की पाणी लागत होतं. ती रडत नव्हती, नुसती "आई गं, आई गं" करत कुशी बदलत होती. ते मला अजून ऐकू येतं. दवाखान्यात नेलं, मलम दिलं, सुई दिली. शेजारची ठकूआजी बघायला आली. लय बघितलेली, लय पावसाळे काढलेली बाई. तिनं आक्काचं डोकं उजेडाकडं वळवलं आणि म्हणाली, "कोंडे, ह्यो बिब्बा उतलाय."

आई ताडकन उठली. "माज्या घरात बिब्बा? आजी, तोंड सांभाळून बोला. माज्या कढईला मी मीठ लावून घेत न्हाई!"

"मी काय बघाया आलते का तुझ्या कढईत? मी फोड बघती. बिब्बाच हाय."

आई माझ्याकडं वळली. घरात आणखी तीन-चार बायका होत्या. आई म्हणाली, "शिदू, मेंढरांसाठी तू बिब्बा आणला हुतास का रं?"

आक्का अंथरुणात होती. तिचं तोंड माझ्याकडं होतं, पण डोळे मिटलेले होते. मी म्हणालो, "न्हाई."

"कढईला हात लावला हुतास?"

"न्हाई आई. कशाला लावू?"

आई ठकूआजीला म्हणाली, "बघा. माझं लेकरू खोटं न्हाई बोलत." ठकूआजी माझ्याकडं नुसती बघत राहिली. मग पदर सावरून उठली आणि गेली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं, ते आजी मरेपर्यंत बंदच होतं. एवढी जुनी शेजारीण आईनं माझ्या एका शब्दावर तोडली.

खोबरं, तीळ वाटून लावले, तूप लावलं. जखमा सुकायच्या तर केस काढणं भाग होतं. आईनंच कात्री धरली. केस फडक्यात पडत होते आणि आई प्रत्येक बटेला थांबत होती. बातमी कडेगावला पोचायला वेळ लागला नाही. मुलाची आई आली, तिनं आक्काचा पदर डोक्यावरून मागं सारला आणि परत पुढं ओढला. म्हणाली, "बोडकी नवरी उभी केली तर माज्या पलटणीतल्या पोराला काय सांगू? अपशकुन हाय बाई." आईनं तिला चहा केला. चहा न घेता ती गेली. आक्का त्या दिवशी भाकरी थापायला बसली आणि एकामागून एक थापतच राहिली. पीठ संपलं तेव्हा उठली.

आईनं बाटल्यांत भरलेलं सगळं तेल मातीत ओतलं. कढई खुंटीवरून काढून परसात उपडी टाकली. पुढं तिच्याखाली कोंबडी अंडी उबवायला बसायची. बायका तेल मागायला यायच्या तेव्हा आई म्हणायची, "माका रुसलाय माज्यावर. मी खुडताना बोलले, त्याची शिक्षा लेकीला झाली. आता माज्या हातानं नगं." कोणी समजूत घातली तर उठून आत जायची. एकदाही मी म्हणालो नाही की आई, माका रुसला नाही. मेंढ्या सातही बऱ्या झाल्या. आबा आल्यावर एकेकीचा पाय उचलून बघितला. "कशानं केलंस रं?" मी म्हणालो, "चुन्यानं." त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला हवी होती, आणि ती मिळाली.

आक्काचं लग्न चार वर्षांनी झालं, कुपवाडला कारखान्यात कामाला असलेल्या बिजवराशी. पदरात दोन पोरं होती त्याच्या. केस परत आले, पण उजव्या कानाच्या वर तळहाताएवढी जागा तशीच राहिली. तिनं डोक्यावरचा पदर कधी पडू दिला नाही.

माझं लग्न पारूशी झालं. पारू चुणचुणीत, हात धुवून मागं लागणारी. तिनं आईला म्हटलं, "आत्याबाई, मला तेल शिकवा की." आई म्हणाली, "माज्याकडनं शिकशील तर तुझ्यावर बी रुसंल." त्या दिवशी मेंढरांमागं जाताना मी पारूला सगळं सांगितलं. का सांगितलं ते कळत नाही. कदाचित आईचं ते वाक्य दुसऱ्या एका बाईच्या डोक्यावर पडलेलं मला सोसलं नाही. पारू वाटेतच खाली बसली. म्हणाली, "आवं, आत्ता परत चला. आत्ता सांगा त्यांना. त्या मारतील, मार खावा. पण सांगा." मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, "तुमी न्हाई सांगितलं तर मी सांगती." तेव्हा मी तिला माझ्या गळ्याची आण घातली. म्हणालो, तू बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. लग्नाला सहा महिने झालेल्या पोरीला. तिनं ती आण मरेपर्यंत पाळली. आईसमोर बसून ती आईच्या तोंडून माका रुसल्याचं ऐकायची आणि माझ्याकडं बघायची सुद्धा नाही. तेल ती स्वतःच चुकतमाकत शिकली, शेजारच्या घरी जाऊन कढवायची, आईला वास येऊ नये म्हणून. आता दुकानात माक्याचं तेल मिळतं, बाटलीवर लांब केसांची बाई असते. नातू एक घेऊन आला होता. वास घेतला, अत्तर होतं नुसतं.

आई लय जगली. सांगायला मला तीस-पस्तीस वर्षं मिळाली. प्रत्येक साली वाटायचं, दसरा होऊ दे, मग सांगू. शेवटी ती अंथरुणाला खिळली तेव्हा एकदा तिच्या उशाशी बसून म्हणालो, "आई, तुला एक सांगायचं हाय." ती म्हणाली, "सांग की बाळा." मी म्हणालो, "वरच्या रानात हीर पाडायची म्हणतोय." ती म्हणाली, "पाड." पारू दारात उभी होती, ती आत निघून गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पारूच्या शेवटच्या दिवसांत तिची बोटं माझ्या मनगटाला धरून असायची. बोलायला त्रास व्हायचा. एका दुपारी म्हणाली, "आत्याबाईंचं ऱ्हाऊन गेलं. वन्संना तरी सांगा." मी म्हणालो, सांगतो. "माजी आण?" तिनं विचारलं. मी म्हणालो, सुटली. ती जरा हसल्यासारखी झाली. चार दिवसांनी गेली.

तेराव्याला आक्का कुपवाडहून आली होती. पाहुणे पांगले, ती राहिली. दुपारी चुलीपाशी, म्हणजे त्या गॅसपाशी, ती शेंगा निवडत बसली होती. सून कामाला गेली होती. मी समोर पाट घेऊन बसलो आणि सांगितलं. बिब्बे, कढई, राख, ठकूआजी, सगळं. मधे थांबलो नाही, नाहीतर आईच्या उशाशी झालं तसं बोलणं परत विहिरीवर गेलं असतं. आक्का शेंगा निवडायची थांबली नाही. सगळं सांगून झाल्यावर तिनं सुपातला कचरा फुंकला.

"बरं," ती म्हणाली.

मी म्हणालो, "आक्का, मला काय तरी बोल."

"काय बोलू? माझं काय वाईट झालं न्हाई शिदू. ह्यांनी मला जन्मात उलटा शब्द बोलला न्हाई. ती दोन पोरं माजीच झाली. पलटणीतला तो मानूस कसा निघाला आसता, कुनाला ठावं? तू सतरा वर्षांचा हुतास. चूक झाली. ते मी कवाच सोडून दिलं आसतं." तिनं एक शेंग फोडली. "पर मला सांगून काय उपेग? आईला सांगायचं हुतंस."

"व्हय."

"व्हय काय व्हय! दर साली भादव्यात आई माज्याकडं यायची का न्हाई कुपवाडला?"

"लेकीच्या ओढीनं यायची."

"लेकीच्या ओढीनं! आमच्या कारखान्याच्या मागं नाला हाय. त्या घाणीत माका उगवतो, कंबरंएवढा. आई हळद-तांदूळ गाठीला बांधून आणायची. हितं वाडीत कुनी बघंल म्हनून तिकडं. मी धरून न्यायची तिला. गुडघं वाकायचं न्हाईत तरी ती त्या घाणीत बसायची, माक्याम्होरं डोस्कं टेकायची. मी म्हनायची, आई, ऊठ, लोकं बघत्यात. ती ऐकायची न्हाई."

मी विचारलं, "काय म्हनायची?"

"म्हनायची, 'माजं नक्की काय चुकलं ते एकदा सांग. एवढ्या बोलण्यानं तू एवढा रुसायचा न्हाईस. आणिक काय चुकलं ते सांग, मी सुधारती.' आनि मग गप बसून वाट बघायची. खरंच वाट बघायची रं, कान देऊन. तीस वर्सं." आक्कानं माझ्याकडं पहिल्यांदा सरळ बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता. "झाड काय सांगनार शिदू? ज्याला ठावं हुतं तो घरात बसून भाकरी खात हुता."

मग ती उठली, हात धुतले आणि दोन ताटं घेतली. मला वाढलं, स्वतःला वाढून घेतलं. मला भूक लागली होती. मी जेवलो.